धुकं नव्हतंच

३ जानेवारी

फोटो उलटा आहे! 'धुक्यातली वस्ती' — आमच्या शहराचा सगळ्यात गाजलेला फोटो, बसथांब्यावर, कॅलेंडरवर, पाचवीच्या पुस्तकात — इतकी वर्षं उलटा छापला जातोय!

जुन्या फोटोवाल्याच्या सुनेनं आज आमच्या संग्रहालयात मूळ काचा आणून दिल्या. निगेटिव्हच्या काचेला एकाच बाजूनं चित्र धरणारा मसाला असतो, छापताना ती बाजू कागदाला लागावी लागते. कुणीतरी काच पालथी ठेवली. डावं ते उजवं झालं, आणि मध्ये काचेची जाडी आल्यामुळे चित्र धूसर आलं. त्यालाच सगळे धुकं म्हणत आले! मी नीट छापून पाहिलं. लख्ख ऊन. पिठाच्या गिरणीची पाटीसुद्धा सरळ वाचता येते.

४ जानेवारी

झोप नाही. फोटोत रस्त्याच्या टोकाला पाण्याची गोल टाकी आहे. ती अजून उभी आहे. टाकीकडे तोंड केलं की नदी उजव्या हाताला. छापील फोटोत घरंही उजवीकडे, म्हणजे नदीच्या पात्रात. काचेवर ती डावीकडे आहेत, टेकडीच्या पायथ्याशी. वस्ती पाडली तेव्हा लोकांनी बदली जागा मागितली होती. पालिकेनं हाच फोटो पुढे करून सगळ्यांना 'नदीत घुसलेले' ठरवलं. कुणाला वीतभर जागा मिळाली नाही.

माझ्या सासूबाई त्याच वस्तीतल्या. बसथांब्यावर तो फोटो दिसला की बोटं मोडतात. "खोटारडा मेला!" नवरा हसतो, म्हणतो आईला डावं-उजवं कळत नाही.

संध्याकाळी नवा फोटो त्यांच्यासमोर ठेवला. कितीतरी वेळ बोट फिरवत राहिल्या. मग लेकाला हाक — "ये इकडे. आता सांग कुणाला कळत नाही ते." मला रडू आलं. रागानं!

९ जानेवारी

फ्रेमसाहेबांकडे गेले. म्हणजे आमचे संचालक. फोटोपेक्षा फ्रेमवर जीव जास्त.

"बाई, प्रदर्शन आपल्या शहराच्या शतकाचं आहे. चुकांचं नाही."

"मग चुका काय दुसऱ्या शहरानं केल्या?"

"अहो, अख्खं शहर हा फोटो ओळखतं!"

"चुकीचा ओळखतं."

"आणि उद्या ते लोक पुन्हा जागा मागायला आले तर?"

आलं ना पोटातलं ओठावर! हुकूम निघाला: उलटाच फोटो लागणार. प्रेक्षकांपुढे मी अक्षर काढलं तर बदली, थेट पाणीपट्टी विभागात.

१० जानेवारी

नवरा म्हणतो, डोकं शांत ठेव. नाही ठेवणार.

१७ जानेवारी

लावला. सोनेरी फ्रेम, वर स्वतंत्र दिवा, खाली ओळ — 'नदीपात्रातील अतिक्रमण'. चोर तो चोर वर शिरजोर! तिथे तोंडातून शब्द काढला नाही. घरी येऊन सासूबाईंना मात्र सगळं सांगितलं. त्यांनी माझा फोन मागितला आणि खोलीचं दार लावून घेतलं.

२० जानेवारी

उद्घाटन. पाहुण्यांचं भाषण सुरू होतं आणि सासूबाई आल्या. मागून त्यांच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या, एकेक करत, ठेवणीतल्या साड्या नेसून. सगळ्या 'धुक्यातल्या वस्ती'पाशी गेल्या आणि फोटोकडे पाठ करून उभ्या राहिल्या. फ्रेमसाहेब खूश — त्यांना वाटलं, एकत्र फोटो काढायचाय!

मग पिशव्या उघडल्या. कुणी हातआरसा काढला, कुणी पावडरची डबी. एकीनं तर मोरीतला आरसा खिळ्यावरून उतरवून आणला होता. प्रत्येकीनं आरसा खांद्यावर धरला आणि त्यात मागचा फोटो पाहिला.

"अगं, ते आमचं दार!"

"आणि नळ?"

"डाव्या अंगाला. होताच मुळी!"

सासूबाईंनी आरसा खाली घेतलाच नाही.

भाषण राहिलं बाजूला, लोक म्हाताऱ्यांकडे आरसे मागायला लागले. "आजी, जरा बघू द्या!" फ्रेमसाहेब नुसते घाम पुसत होते. मी अक्षर काढलं नाही. हसू मात्र आवरलं नाही.

२१ जानेवारी

दारावर नवी पाटी, खाली फ्रेमसाहेबांची सही — 'आत आरसा नेण्यास सक्त मनाई'. येणारा प्रत्येक जण थांबतो, वाचतो, विचारतो — आरसा का नको?

मी पाटीखालीच खुर्ची टाकून बसलेय. सांगतेय.