बाहेरची वाट

४ मार्च
काय म्हणे, सुरक्षा! साहेबांचं फर्मान – क्लाउडमधल्या आपल्या सर्व्हरची इंटरनेटवर जायची वाट बंद. "आत येणारं येऊ दे. बाहेर काय काम आहे त्यांचं?"

काय काम! रुग्णांच्या घरचं श्वासाचं मशीन बिघडलं की इशारा आत आपल्या सर्व्हरकडे येतो. सर्व्हर तो बाहेर मेसेज कंपनीला पाठवतो, तिथून घरच्यांच्या फोनवर. राउट टेबलमधली, म्हणजे सर्व्हरच्या वाटांच्या यादीतली, बाहेर जायची एक ओळ पुसली की मेसेज उंबऱ्यातच अडणार. हे सगळं सांगितलं. "ऑफिसातल्या नर्सच्या स्क्रीनवर दिसतं ना? मग झालं!" एक नर्स आणि भिंतभर स्क्रीन!

आई त्याच मशीनवर आहे, हे बोलले नाही. साहेब म्हणाले असते, घरचं रडगाणं ऑफिसात आणते.

५ मार्च
ओळ पुसायला मी साफ नकार दिला. साहेबांनी स्वतः पुसली. वर माझा अ‍ॅक्सेसही काढून घेतला! पालथ्या घड्यावर पाणी.

७ मार्च
आई एकटी. मी सारखी फोन करते. "मेले नाही गं अजून! झोपू दे की जरा."

११ मार्च
साहेब सकाळपासून गोड बोलत होते. तेव्हाच मनात पाल चुकचुकली. त्यांच्या सासऱ्यांना आपलं मशीन बसवलंय आणि चाचणीचा मेसेज बायकोच्या फोनवर येत नाही! "तेवढ्या एका नंबरपुरती वाट उघडता येईल का?"

तळपायाची आग मस्तकात गेली! बाकीच्यांचे सासरे काय रस्त्यावर पडलेत?

म्हटलं, वाट नंबरपर्यंत नसते, मेसेज कंपनीपर्यंत असते. एकासाठी उघडली की सगळ्यांसाठी उघडते. "बरं बरं, करा. पण बोभाटा नको." अ‍ॅक्सेस मिळाला, ओळ परत टाकली. आभार तर सोडाच, वर म्हणतात, "हे आधीच नीट सांगायचं ना!"

१२ मार्च
दुपारी फोनवर इशारा आला – आईच्या मशीनचा! शेजारच्या काकूंकडे किल्ली असते. त्यांना फोन केला आणि तशीच धावले. नळी निसटली होती. काकूंनी वेळेवर बसवली. नर्सचा फोन आला तेव्हा आई उठून चहा पीत होती.

साहेबांच्या आप्पलपोटेपणामुळे माझी आई वाचली. उद्या त्यांना धन्यवाद म्हणायचेत. कसे म्हणू!