नऊ कान

५ डिसेंबर २०११

लिही. बानाबाई त्रिंबक, वय सत्तरच्या मागं-पुढं, मुक्काम वाळूज, अक्षराची ओळख नाही. लिहिलंस? आता लिही, नातू भिकन समोर बसलाय आणि तोंड एरंडेल प्याल्यासारखं केलंय. — व्हय, ते पण लिहायचं. फौजेत आहेस ना, हुकूम म्हणजे हुकूम.

वही ह्याचीच. फौजेतल्या डॉक्टरनं दिली. रोज एक पान लिहायचं, मनात येईल ते, म्हणजे बरं वाटंल. दोन महिन्यांची सुट्टी घेऊन आला, त्यातले दहा-बारा दिवस गेले, वही कोरी. कोरी वही पडून राहिलेली मला बघवत नाही. लहानपणी कुणी मला वही दिली असती तर मी एव्हाना चार भरल्या असत्या. म्हणून म्हटलं, तुझ्या मनात काय येत नसंल तर माझ्या मनातलं लिही. माझ्या मनात लई येतं.

६ डिसेंबर

गुडघा दुखतो. बाकी काय नाही.

९ डिसेंबर

हा मला वाचून दाखवतो ते खरं की खोटं, मला काय कळणार? पण ओळी मोजता येतात. मेंढरं मोजायची तशा, जोडीनं. बोट ठेवत जायचं, दोन-दोन. मी एवढी बोलते आणि हा तीन जोड्यांत आटपतो. ‘आजी, लिहिताना कमी होतं.’ भाकर भाजताना कमी होते का रे? नीट लिही.

तर हा कुठं गेला होता ते लिही. निळी टोपी घालून आफ्रिकेत गेला होता. देशाचं नाव तीनदा सांगितलं मला, पण दात असते तर घेतलं असतं. तिथं दोन टोळ्यांची लढाई, आणि मधे गरीब लोक. त्या लोकांना राखायला साऱ्या जगानं मिळून फौज उभी केली, त्यात आपलीही. मी गल्लीभर सांगत सुटले होते, आमचा भिकन जगाची राखण करायला गेलाय. आमचं खानदानच राखणीचं. आजानं मालकाची मेंढरं राखली, नातू माणसं राखतो.

आता परत आलाय तर बोलत नाही. आणि एक नवीनच खोड आणलीय, फाटक लावू देत नाही. लक्ष्मी, म्हणजे ह्याची बायको, कंपनीच्या बसला जाताना कडी लावून जाते. ती वळली की हा कडी काढतो. काल शेजारच्या शेळीनं तुळस खाल्ली. मी म्हटलं, शेळीला तरी आत येऊ नको म्हण. ‘येऊ दे,’ म्हणाला.

१४ डिसेंबर

आज हात थांबवायचा नाही. काय बी निघालं तरी लिहायचं.

आज लक्ष्मीनं तुझी ट्रंक उघडली. मी सांगितलं म्हणून उघडली, तिला बोलायचं नाही. गरम कपड्यांना ऊन दाखवायचं होतं. — थांबलास. लिही.

कपड्यांखाली कागद निघाला. हिंदीत. लक्ष्मी बारावी शिकलेली, तिनं मला सांगितला. ह्यांची चौकी होती त्या टेकडीखालच्या गावात माणसं मारली गेली. त्याची चौकशी लागलीय. कागद म्हणतो, हल्ल्याची खबर चौकीला आधी मिळालीच नाही. खबर आणायचं काम पास्कल नावाच्या दुभाष्याचं होतं, त्यानं ती दिली नाही. खाली सह्या. लक्ष्मीनं मोजल्या, अकरा. बारावी जागा रिकामी, तिथं नाव भिकनचं.

माणसं मारली गेली हे आम्हाला आजवर माहीत नव्हतं. तू सांगितलं होतंस की तिथं आंबे लई मोठे असतात.

१५ डिसेंबर

काल दोन घास खाऊन उठला. आज मी विचारलं, हा पास्कल कोण?

‘मास्तर होता तिथल्या शाळेत. गावातलं बोलणं आम्हाला हिंदीत सांगायचा.’

हिंदी कुठं शिकला तो?

‘आमच्याकडंच. आधी भाई, चाय, खाना. मग शिव्या. मग सगळंच.’

आता कुठंय?

‘जेलात. त्यांच्याच सरकारनं धरलंय. मारणाऱ्यांना मिळालेला होता म्हणतात.’

होता का?

ह्यानं बाटलीतलं पाणी पिलं. सगळी बाटली.

१९ डिसेंबर

आज रीत सांगते. ती पानावर असावी.

मेंढरू मालकाचं, राखण आपली. लांडग्यानं मेंढरू नेलं तर राखण्यानं कान आणायचा. डाव्या कानाला मालकाची खूण कापलेली असते, त्यावरून कळतं की ह्यानं विकून खाल्लं नाही, खरंच गेलं. कान निरोप्याच्या हाती धाडायचा नाही. आपणच जायचं, मालकाच्या दारात उभं राहायचं, तोंडानं सांगायचं. मालक पाणी देईस्तोवर पाणी मागायचं नाही.

आमची नऊ गेली होती एकदा, वेरूळच्या डोंगरामागं, भर दुपारी. ह्यांनी, म्हणजे भिकनच्या आजानं, नऊ कान धोतराच्या सोग्यात बांधले आणि गेले. मी मागं, रामकिसन कडेवर. (रामकिसन म्हणजे भिकनचा बाप. तो आणि सून लवकर गेले, भिकनला मीच वाढवलं.) मालक तात्यासाहेब ओट्यावर बसले होते. कान बघितले. रागं भरले नाहीत. एकच सवाल केला — ‘कुत्रं भुंकलं होतं का?’

कारण सगळं तिथंच असतं. कुत्रं भुंकलं नाही तर तो लांडग्याचा डाव, राखण्याचा दोष नाही. कुत्रं भुंकलं आणि राखण्या उठला नाही, तर मग कान आणून काय उपयोग?

हे म्हणाले, ‘नाही मालक.’ तात्यासाहेबांनी पाणी दिलं, वर चहा दिला.

आता तू सांग. तुमचं कुत्रं भुंकलं होतं का?

२० डिसेंबर

काल मी एवढी रीत सांगितली. आज बोट ठेवून मोजलं तर शेवटची ओळ मला आखूड वाटली. लक्ष्मीकडून वाचून घेतलं. सवाल लिहिलाय, जबाब नाही. जबाब मिळाला नव्हता, म्हणून लिहिला नाही. बरोबर आहे. इमानी लेखनिक आहे माझा.

२७ डिसेंबर

साहेबाचा फोन. डोळे अधू झाले माझे, कान शाबूत आहेत. ‘भिकन, सगळ्यांच्या झाल्या, तुझीच राहिली. हजर होताना सही करून आण. घरी सगळे बरे? पेन्शनला एकच वर्ष राहिलं ना तुझं?’

साहेब वाईट नाही. घरच्यांची विचारपूस करून मगच पेन्शन काढली त्यानं.

भिकन तीन वेळा ‘जी साहब’ म्हणाला. फोन ठेवल्यावर लक्ष्मी म्हणाली, ‘करून टाका ना सही. तो माणूस आपला कोण लागतो?’ तिचं चूक नाही. कंपनीत आठ तास उभी राहते, तिला हक्काचं काहीतरी पाहिजे. मला पण पाहिजे.

२ जानेवारी

आज बोलला. मी तुरी सोलत होते, त्यानं दोन शेंगा उचलल्या आणि बोलला. आता त्याचंच बोलणं त्यालाच लिहायला लावते.

गाव चाळीस घरांचं. चौकी वर टेकडीवर. आपल्या दारापासून कंपनीच्या बसथांब्याएवढं अंतर, जास्त नाही. पास्कल सकाळी आला, म्हणाला, टोळी नदीपर्यंत आलीय, आज खाली उतरा. साहेबानं वर विचारलं. वरून आलं, थांबा, कळवतो. दुपारी पास्कल परत आला. थांबा. संध्याकाळी आला तेव्हा मागं बायामाणसं होती, पोरं काखेत, एकीच्या डोक्यावर शिवणाचं मशीन. फाटक उघडा, आम्हाला आत घ्या. वरून हुकूम नाही, उघडता येत नाही. बराच वेळ उभी राहिली. मग उतरून गेली.

हुकूम दुसऱ्या दिवशी आला. तेव्हा चौकीवाले खाली गेले.

किती, विचारलं मी. ‘एकसष्ट.’

जोडीनं मोजलं तर शेवटी एक उरतं. ते एक कोण असंल, मशीनवाली असंल का, मी तेच धरून बसले.

बंदुका होत्या ना तुमच्याजवळ? ‘होत्या. हुकूम नव्हता.’

निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या साली मी सात वर्षांची होते. फौज आमच्या गावात पोचली तोवर जळायचं ते जळून गेलं होतं, पळायचे ते पळून गेले होते. लोकांनी हार घातले. फौज नंतर येते हे मला तेव्हापासून ठाऊक. तरी ह्याला भरतीला मीच धाडलं. मला वाटलं, आपला असला तर आधी जाईल.

फाटकावर कोण होतं रे तेव्हा?

‘होता एक जण.’

३ जानेवारी

तुरीची आमटी केली. जेवला. लिहायला बसला तर मीच म्हटलं, आज राहू दे.

११ जानेवारी

आठ दिवस मी लिहून घेतलं नाही. गुडघ्याचं नाव सांगितलं. गुडघा चांगला आहे.

१९ डिसेंबरचं पान काढ. तिथं ‘नाही मालक’ लिहिलंय. त्याच्या पुढचं आज लिही.

कुत्रं भुंकलं होतं.

खंड्या नाव त्याचं. काळं, छातीवर पांढरं. दुपारची वेळ, हे लिंबाखाली पडलेले, मी रामकिसनला पाजत होते. खंड्या नाल्याकडं तोंड करून भुंकायला लागला. हे उठून बसले. मी म्हटलं, ‘पडा हो, ससा असंल. त्याला भुंकायची सवय आहे.’ रात्रभर जागले होते ते, मला दया आली. ते पडले. खंड्या आमच्यापर्यंत आला, ह्यांचं धोतर ओढलं, परत नाल्याकडं पळाला. मी त्याला खडा मारला. हो, मी.

मग उठलो तेव्हा नऊ.

वाटेत आम्ही काही ठरवलं नव्हतं. तात्यासाहेबांनी विचारलं तेव्हा ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी पदर दातात धरला. ते म्हणाले, ‘नाही मालक.’

चहा पिऊन झाल्यावर तात्यासाहेब म्हणाले, ‘भुंकत नाही ते कुत्रं ठेवू नको त्रिंबक. उद्या आणखी जातील.’ त्यांचं बरोबर होतं. आमच्याच बोलण्यावरून बरोबर होतं. ह्यांनी खंड्याला वैजापूरच्या वाटेला सोडलं. दोन दिवसांनी तो शेपूट हलवत परत आला, पायाला काटे. हे त्याला पुन्हा घेऊन गेले, या वेळी कुऱ्हाड नेली. एकटे परत आले. मी विचारलं नाही.

खंडोबाचं कुत्रं. ह्यांनी मरेपर्यंत दुसरं पाळलं नाही. लोक म्हणायचे, धनगराच्या वाड्यावर कुत्रं नाही, नवल आहे. मी हसण्यावारी न्यायची, मीच भुंकते म्हणायची. हसण्यावारी न्यायला मला तेव्हापासून येतं.

माणसाला कुत्रं म्हणत नाही मी, भिकन. कुत्र्याला माणूस म्हणते. नऊ गेली ती लांडग्यानं नेली. दहावा आम्ही नेला.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. ह्यांच्याशीसुद्धा बोलले नाही. तात्यासाहेब गेले, आता दारही राहिलं नाही उभं राहायला. म्हणून इथं.

किती ओळी झाल्या? राहू दे, आज नको मोजायला.

१२ जानेवारी

लक्ष्मीनं कालचं पान वाचलं. माझ्या ताटात लोणी जास्त वाढलं.

२१ जानेवारी

परवा निघतो हा. लक्ष्मी शेंगदाण्याचे लाडू करतेय, ह्याला आवडतात म्हणून, आणि मला चावत नाहीत म्हणून. ट्रंक स्वतः भरली. कागद कुठंय विचारलं नाही मी. एक सवाल करायचा आणि गप बसायचं, हे तात्यासाहेबांकडून शिकायला मला पन्नास वर्षं लागली.

लक्ष्मी तेवढी म्हणाली, ‘पेन्शन नाही तर नाही. माझी कंपनी आहे.’ मग आत जाऊन भांडी आदळली. दोन्ही खरं.

फाटकाची कडी तशीच उघडी. शेळी रोज येते आता. तुळस नवीन लावली, उंचावर.

२३ जानेवारी

आजी नळावर गेलीय. हे तिनं सांगितलेलं नाही, माझं मी लिहितो.

सहीच्या जागी सही केली नाही. कागदाच्या पाठीमागं लिहिलं आणि त्याच्याखाली केली. आजीच्या मोजणीनं एकच जोडी —

पास्कल तीन वेळा आला होता.

तिन्ही वेळा फाटकावर मी होतो.