भातकुलीचे वाचक

राजापेठ, अमरावती
गुरुवार

प्रिय हेमचंद्र,

रोज फोनवर बोलणारा माणूस पाकिटातून पत्र पाठवतो म्हणजे त्याचं काहीतरी बिनसलं आहे, हे तुला पाकीट पाहूनच वाटेल. वाटू दे. आधी तुझ्या हक्काच्या बातम्या देतो. 'छोटी लाइन'च्या नव्या अंकावर आजपर्यंत तेवीस प्रतिक्रिया आल्या. घरातल्या टेबलावर रेल्वे बांधणाऱ्या, आमच्या सौ. ज्योत्स्नाच्या शब्दांत 'अजून वयात न आलेल्या' माणसांसाठी मी अकरा वर्षं हे त्रैमासिक चालवतो आहे. वर्गणीदार एकशे बारा. त्यातले काही वारले आहेत आणि काही वाचत नाहीत, तेव्हा तेवीस म्हणजे महापूर समज. मुखपृष्ठावरचं, तू टेबलावर बांधलेलं हिवरखुटा स्टेशन पाहून बडनेऱ्याचे एक निवृत्त इंजिनवाले लिहितात की इंजिनातून धूर का निघत नाही असा प्रश्न त्यांना क्षणभर खरोखर पडला. यवतमाळच्या एका दंतवैद्यांनी भिंग लावून रुळांखालचे स्लीपर मोजले. ते एकशे सदतीस भरले, लेखात एकशे चाळीस छापले आहेत, बाकीचे तीन कुठे आहेत असा त्यांचा रोखठोक सवाल आहे. तुमच्या अकोल्याच्या रूपाली मॅडमनी तुझा लेख वाचून शाळेतल्या मुलींकडून मिठाईच्या खोक्यांची मालगाडी करून घेतली. डब्यांना अजून पेढ्यांचा वास येतो म्हणे. आणि रुळांखालच्या खडीसाठी तू राजगिरा पसरलास हे वाचून परतवाड्याचे एक गृहस्थ विचारतात, मुंग्यांचं काय करता. याचं उत्तर तुझ्या आईकडून, सिंधूकाकूंकडून मागवायला हवं, पण त्यांनी त्या राजगिऱ्यावरून तुला जे ऐकवलं होतं ते छापण्याजोगं नव्हतं.

आता जे लिहायला बसलो ते. 'वाचकांची शिट्टी' हे सदर तुझं सर्वांत आवडतं. तू अंक उलटा, शेवटच्या पानाकडून उघडतोस हे मला माहीत आहे. हेमचंद्र, त्या शिट्टीत बरीच वर्षं माझीच फुंकर होती. पहिल्या अंकानंतर पत्रांसाठी दोन पानं राखून ठेवली आणि पत्र आलं एक, तेही पत्ता बदलल्याचं. कोरं पान सोडवेना म्हणून मी चार ओळी खरडल्या आणि खाली एक नाव टाकलं. मग सवय लागली. दरवेळी तीन-चार पत्रं मी लिहायचो, गावं वाटून द्यायचो, कुणाला थोडं तिरसट करायचो, कुणाला भाबडं. दर्यापूरच्या ज्या रागिणीताईंनी मागच्या साली मालडब्यावर तू रंगवलेल्या गंजाचं कौतुक केलं, आणि ज्यांचं पत्र तू लॅमिनेट करून कामाच्या टेबलावर लावलं आहेस, त्या रागिणीताई म्हणजे मी. कौतुक खरं होतं, एवढंच बाईंच्या बाजूने सांगता येईल.

आणि भातकुलीचे शालिकराम देवमन इंगळे, निवृत्त गार्ड, हेही मीच.

हे वाक्य लिहून मी पाणी पिऊन आलो. पुढचं सलग सांगतो. या वेळी पानं भरण्याची गरज नव्हती. तेवीस पत्रं होती, आणि तेवीसच्या तेवीस तुझ्या स्टेशनाबद्दल. त्याच अंकात 'सिग्नल : एक चिंतन' हा माझा आठ पानी लेख होता. पाणिनीपासून पंजाब मेलपर्यंत सगळं त्यात आणलं होतं. त्यावर एक ओळ नाही. दंतवैद्यांनी स्लीपर मोजले, पण माझा लेख त्यांच्या भिंगाखाली आला नाही. मौनाला आमच्या संस्कृतात संमती समजतात, असं दोन दिवस स्वतःला समजावलं. तिसऱ्या दिवशी चोविसावं पत्र लिहिलं. तू प्रतिक्रियांची पाकिटं बघायला मागत नाहीस, मी टाइप केलेला मजकूर छापण्याआधी लेखकाला पाठवतो, ही आपली रीत मला फारच सोयीची पडली.

स्वतःला मी काय सांगितलं तेही ऐक. आमच्याकडे ग्रंथकार आधी पूर्वपक्ष मांडतो. म्हणजे आपल्या मताविरुद्धचा माणूस तो स्वतःच उभा करतो, त्याला भरपूर बोलू देतो, आणि मग त्याचं म्हणणं खोडून आपला सिद्धांत सांगतो. म्हटलं, हेमचंद्रावर एक भक्कम आक्षेप घेऊ. तो चिडेल, नकाशे काढून उत्तर देईल, पुढचा अंक गाजेल. तीस वर्षं संस्कृतच्या वर्गात मुलांना हे शिकवतो आहे, पण मत्सराला इतकं सोवळं नेसवता येतं हे मला माहीत नव्हतं. कारण लिहिताना मला तुझं उत्तर दिसत नव्हतं. तुझा उतरलेला चेहरा दिसत होता, आणि तो मला हवा होता.

आक्षेप काय घ्यावा हे सुचेना. स्टेशन तू बिनचूक केलं आहेस. शेवटी लिहिलं की इंजिनाच्या पाण्याची टाकी चुकीच्या टोकाला आहे, 'ते मूर्तिजापूरच्या बाजूले होती, मी त्या गाडीवर गार्ड होतो.' ती तिथे नव्हती. कॉलेजात असताना आपण त्या गाडीने गेलो होतो, टाकी अचलपूरच्या बाजूलाच होती, तू लावली होतीस तिथेच, हे मला स्वच्छ आठवतं. पण खोट्या गोष्टीला एखादं खरं टेकण लागतं. म्हणून पुढे लिहिलं, 'पाठक मास्तर डाव्या हातानं झेंडी दाखवत, ते मले आजबी दिसते.'

ते तू मला सांगितलं होतंस. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षी, अकोल्याच्या फलाटावर, आपण शेंगा खात गाड्या बघत बसलो होतो तेव्हा. हिवरखुट्याचे स्टेशनमास्तर असलेले तुझे बाबा, पाठक मास्तर, गेले तेव्हा तू सहा वर्षांचा होतास आणि तुझ्याजवळ त्यांचं एवढंच उरलं होतं : उजव्या हाताची दोन बोटं जायबंदी, म्हणून झेंडी डाव्या हातात. त्यानंतर सदतीस वर्षांत तू त्याबद्दल एकदाही बोलला नाहीस. सांगितल्याचं विसरला असशील असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्या भरवशावरच मी ते वापरलं.

तू चिडला नाहीस. पत्र मिळाल्याच्या दिवशी तुझा फोन आला. एरवी विद्यापीठातल्या साहेबासारखं बोलणारा तू, एकदम घरच्या बोलीवर उतरलास. 'अबे शेखर, या मानसानं माह्या बाबाले पाह्यलं हाये.' मी 'हो का' म्हणालो. तेवढंच म्हणालो. तेव्हाच हसून कान पकडले असते तर तू चार शिव्या घालून सोडून दिलं असतंस. मी वाट पाहिली, आणि आठवड्याने तुझा फोटो आला. करवतीचं पातं घेऊन तू टाकी मुळापासून कापली होतीस, तिची विहीर बुजवली होतीस, नळ उखडला होतास आणि सगळं मूर्तिजापूरच्या बाजूला नेलं होतंस. तीन वर्षांच्या कामाला मधोमध ठिगळ पडलं होतं. खाली लिहिलं होतंस, 'इंगळेसाहेब म्हणतात तेच बरोबर असणार, ते रोज जात होते.' मी त्यावर अंगठा उमटवला.

मग तू पत्ता मागितलास. मी म्हटलं, वर्गणीदारांची वही कपाटात खाली गेली आहे. तू फोन नंबर मागितलास. मी म्हटलं, ते फोन वापरत नाहीत, जुन्या वळणाचे आहेत. माझ्या तोंडून शालिकराम दिवसेंदिवस जास्तच खरे होत गेले. त्यांना गुडघेदुखी झाली, त्यांना सून मिळाली. तू म्हणालास, 'फोन नसला तर काय झालं बे, भातकुली काय लंडनले हाये काय? जाऊन भेटू.' मी म्हटलं, बघू.

काल संध्याकाळी तू कळवलंस की रविवारी सकाळच्या गाडीने येतो आहेस, काकूंना घेऊन, आणि इथून आपण तिघांनी ऑटो करून भातकुलीला जायचं. मी काही बोलायच्या आत काकूंनी तुझ्या हातून फोन घेतला. 'शेखर, ते गार्ड मला ओळखणार नाहीत, पण त्यांना एकच विचारायचं आहे बाप्पा. मास्तर गेले त्या दिवशी सकाळी आमचं वाजलं होतं. ते न बोलता डबा घेऊन ड्यूटीवर गेले आणि दुपारी फलाटावरच पडले. डबा कोणी परत आणून दिला नाही. ते जेवले होते का, एवढंच विचारीन.' तू शेजारीच उभा असावास. त्यांच्या हातून फोन घेऊन तू लगेच ठेवलास. मला वाटतं तूही हे पहिल्यांदाच ऐकत होतास. मी टेबलाशी जाऊन बसलो, कागद ओढला आणि लिहिलं : 'बाईसाहेब, मले चांगलं याद हाये, मास्तर त्या दिवशी पोटभर जेवले होते.' एका दमात आलं, एक शब्द खोडावा लागला नाही. शालिकराम तापाने आडवे आहेत, म्हणून भेट होणार नाही, पण त्यांनी हे लिहून दिलं आहे, असं सांगायचं ठरत आलं होतं. तेवढ्यात ज्योत्स्ना चहा घेऊन आली आणि काय लिहिता म्हणाली, तर मी कागदावर हात ठेवला. अकरा वर्षांत कितीतरी खोटी पत्रं तिच्यादेखत लिहिली, हात कधी ठेवला नव्हता. तो कागद फाडला आणि आज हे लिहितो आहे. शेजारचा मनोज उद्या सकाळी बँकेत जायला अकोल्याला निघेल, तो तुझ्या हातात देईल. रविवारी तुम्ही निघू नका. शनिवारी मी येतो. काकूंना तू काही सांगू नकोस, ते माझं काम आहे. हा माणूस नव्हताच हे मी त्यांच्यासमोर बसून सांगेन. त्या तरीही तोच प्रश्न विचारतील, आणि मला माहीत नाही असं मी म्हणेन.

तुझाच, जर तू अजून म्हणू देणार असशील तर,
शेखर