तेजसच्या जहाजाची खबर

८ फेब्रुवारी २०११
जहाज कंपनीचं आजही तेच — "वाटाघाटी चालू आहेत, मॅडम." सोमाली चाच्यांनी तेजसचं जहाज धरलं त्याला दोन महिने होतील. माझा धाकटा भाऊ. पहिलीच नोकरी! मी हिंजवडीच्या ऑफिसात दिवसभर एकेक साइट उघडत बसते. काम शून्य.

९ फेब्रुवारी
शेजारच्या टेबलावरच्या मिसबानं आज माझा माउसच ओढून घेतला. "किती ठिकाणी हिंडशील? बातम्यांनाच इकडे बोलावू." फीड रीडर लावून दिला. केनियातल्या मोम्बासा बंदराची वर्तमानपत्रं, खलाशांचे ब्लॉग, ट्विटर — जिथे जहाजाचं नाव येईल ते सगळं एकाच पानावर! न वाचलेलं ठळक दिसतं. काय डोकं आहे या मुलीचं!

११ फेब्रुवारी
आईला दाखवलं. "एवढं सगळं कळतं ना त्याला? मग तेजस जेवला का ते विचार." हसलो दोघी. किती दिवसांनी!

१८ फेब्रुवारी
जुन्या बातम्या चाळताना एक ओळ दिसली — जहाजावरचा एक भारतीय दगावला. नाव नाही. तारीख सोमवारची! मी वाचलीच नव्हती, तरी वाचलेल्यांत पडलेली. पासवर्ड मिसबाकडेही आहे. जिन्यात गाठलं तिला. भांडायलाच गेले होते.
"रोज तुझ्याआधी मी बघते," म्हणाली. "नाव कळेपर्यंत सांगणार नव्हते. बातमी देणाऱ्या पत्रकाराला मेलवर मेल करतेय. उत्तर देत नाही."
डोळे सुजलेले. आणि मला पत्ताच नाही! माझ्यासमोर रोज डबा खात होती, "भाजीत मीठ विसरलीस" म्हणत होती! माझी भीती एकटीनं वागवली तिनं. माझ्याच्यानं झालं नसतं.

२३ फेब्रुवारी
काही नाही. आता दोघी मिळून उघडतो.

२ मार्च
पान ठळकच ठळक! जहाज सुटलं! कंपनीच्या फोनआधी आम्हाला कळलं. मिसबा एवढ्यानं ओरडली की टीमलीड उठून उभा राहिला. नावं मात्र अजून नाहीत. आई देवासमोरून हलत नाही.

३ मार्च
तेजसचा फोन! "ताई, मी आहे." मग नुसता रडत राहिला. गेला तो अभिनव, त्याच्या केबिनमधला. नाशिकचा. "त्याच्या बहिणीला कुणी कळवलंच नाहीये, ताई. ती अजून वाट बघतेय. तू सांगशील?"
मिसबाला म्हटलं, जवळ बस. बसली. मग तेजसनं दिलेला नंबर फिरवला.