सक्तीचे विषय

अण्णा, आज दादानं तुमचंच वाक्य माझ्या तोंडावर मारलं, म्हणून लिहायला बसलो. तुमची नात, माझी पोर, मॅट्रिक झाली. पुढं मुंबईला कॉलेजात जायचं म्हणते. दादा म्हणाला, "मास्तरीणच व्हायचंय ना तिला? मग ट्रेनिंग घे म्हणावं आणि लाग कामाला. दोन वर्षं तर्कशास्त्र नि रोमचे राजे कशाला? अण्णा काय म्हणायचे ते विसरलास?"

विसरेन कसा? इंटरच्या वर्गात होतो, सुट्टीत आगबोटीनं श्रीवर्धनला आलो होतो. ओटीवर बायका सुपारी सोलतायत आणि तुम्ही माझ्या पेटीतलं एकेक पुस्तक उचलून बघताय. संस्कृत, तर्क, इतिहास. कायद्याचं एकही नाही. "हे काय रे? तुला वकील व्हायला धाडलाय की कीर्तनकार?" मी म्हटलं, कॉलेजात हे सगळ्यांनाच सक्तीचं असतं. "सक्ती कसली! उगाच पोरांची वर्षं खायची!" बायका फिदीफिदी हसल्या. मी मान खाली घालून पुस्तकं गोळा केली. तेव्हा बोललो नाही, आज बोलतो. ऐका.

तुमच्या वाडीत नुसत्या पोफळीच होत्या का हो? मध्येमध्ये माड होते, पोफळींवर मिरीचे वेल, खाली केळी, विहिरीपाशी ते एक जायफळ. भाव सुपारीला आहे, बाकीचं काढून टाका, असं काका म्हणाले तर केवढे उखडलात त्यांच्यावर! "पावसात सुपारी गळाली तर काय तुझं डोकं खायचं?" आणि गळालीच की एका पावसात. घडच्या घड सडले. ते वर्ष आपण नारळावर काढलं. जायफळ तर कधी धरलंच नाही, तरी त्याच्या आळ्यात पाणी गेल्याशिवाय तुम्ही रहाट थांबवू द्यायचा नाहीत. मग पोरांच्या डोक्यातच तेवढं एकच पीक का?

मी वकील झालो, बरं चाललंय. पण तुमची सून गेली तेव्हा कायद्याच्या पुस्तकांकडे बघवेना. शिव्या घालत घोकलेले ते सक्तीचे संस्कृत श्लोकच तोंडात आले. पोरीला मांडीवर घेऊन रोज तेच म्हणत बसायचो. नाहीतर वेडा झालो असतो, अण्णा. आता सांगा, कुणी खाल्ली माझी वर्षं?

पोर जाणार. सगळे विषय शिकणार. दादाला तसं तोंडावर सांगितलंय, तो पाय आपटत गेला. तुम्हीही रागवा, माझी हरकत नाही.

हे पत्र कुठं धाडणार? राहील माझ्यापाशीच. एक मात्र कबूल करतो. तर्कशास्त्राचा मला काय उपयोग झाला, हे मला अजून सांगता येत नाही. तुमचं जायफळही अजून धरलेलं नाही. पाणी मात्र मी तोडलेलं नाही.