गोरखच्या टाक्या कोणी उघडू नयेत

मी, सावळेराम गंगाराम बोऱ्हाडे, वय ५४, पूर्वी संस्कृतचा मास्तर, सध्या धंदा पाणबुड्यांच्या टाक्यांत हवा भरणे, राहणार शिनोली, ता. आंबेगाव, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहितो. डॉक्टरांच्या मते हृदय बेभरवशाचे आहे. डोके शाबूत आहे. माझ्यावर कोणाचाही दाब नाही, सगळा दाब टाक्यांत आहे.

१. राहते घर धाकटा भाऊ कै. गोरख याची पत्नी प्रतिभा हिला.

२. शेजारचा टायरवाला गेणभाऊ मला कायम "पंक्चरशास्त्री" म्हणत आला. त्याला माझा जाडजूड शब्दकोश. एखादा दुसरा शब्द सापडावा.

३. कॉम्प्रेसर, फिल्टर व सर्व टाक्या गोरखची मुलगी अक्षदा हिला. ती बापासारखीच धरणात बुडी मारून पंप काढते, कधी माणसेही. अट एकच.

हवा दाबली की तिच्यातल्या वाफेचे पाणी होते. ते कॉम्प्रेसरच्या खालचा ड्रेन, म्हणजे तोटी, उघडून वरचेवर सोडायचे. उरलेली ओल फिल्टर शोषतो, तो वेळेवर बदलायचा. टाकीत थोडी हवा नेहमी शिल्लक ठेवायची, म्हणजे बाहेरची ओल आत शिरत नाही. आमच्या पाणबुड्यांची रीत उलटी. बुडालेला माणूस काढला की त्या बुडीची टाकी काठावर पार रिकामी करून तोंड उघडे ठेवायचे. मेलेल्याचा श्वास आत अडकू नये.

"गोरख, आत गंज चढेल," मी म्हणे.

"दादा, तुमची पोथी काठावरची. पाण्याखाली लई येगळं असतंय. त्याचा जीव आत कोंडून मी झोपू कसा?"

गंज चढला. भरून ठेवलेल्या हवेतला प्राणवायू त्याने खाल्ला. गोरख त्याच टाकीवर खाली गेला आणि झोपल्यासारखा तळाशी राहिला. टाकी कापली तेव्हा आत गेरूसारखी लाल होती.

तेव्हापासून यंत्र बंद असतानाही दुकानातून हुश्श ऐकू येते. घट फुटला की आतले आकाश बाहेरच्या आकाशाला मिळते, असे शास्त्र आहे. गोरखने शास्त्र कधी ऐकले नाही, हा आमचा जुना तंटा.

सबब, कोणीही मेले तरी, मी मेलो तरी, अक्षदाने टाकी रिकामी करू नये.

हे वाचून दाखवताच प्रतिभा म्हणाली, "मग मेलेल्यानं जायचं कुठनं, दादा? माझ्या पोरीच्या पाठीवर बसून फिरायचं व्हय?"

प्रश्न रास्त आहे. म्हणून, श्वास सोडायचाच तर कॉम्प्रेसरचा ड्रेन उघडावा. तिथून हवा जाते, पाणी जाते, टाकीला काही होत नाही.

सहीपूर्वी प्रतिभेने स्वतः तो उघडला. यंत्र सकाळपासून बंद, आतली हवा-पाणी मी आधीच सोडलेले. तरी हुश्श सुरू झाले ते थांबेना. ओंजळभर पाणी तिच्या पायांवर आले.

"गेले का वो?" तिने विचारले.

"गेला," मी म्हणालो. तेव्हा आवाज थांबला.

तिने ड्रेन बंद केला, पाय पुसले नाहीत. अक्षदाला म्हणाली, "टाक्या न्हाई उघडायच्या. दादा सांगत्यात तसंच."

हे दोन्ही साक्षीदारांनी समक्ष ऐकले. त्याआधीचे हुश्शही ऐकले, असे ते सांगतात.

ठिकाण: शिनोली
दिनांक: १२ ऑगस्ट २०२५

सही: सावळेराम गंगाराम बोऱ्हाडे

साक्षीदार:
१. रामदास जानकू केंगले, मासेमार
२. डॉ. वृषाली काळे, घोडेगाव