चाळीस माणसं, अकरा चुका

मंगळवार, १४ ऑक्टोबर

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं ठीक. माझे गुडघे कुरकुरतात. तुझी आई म्हणते, तुमच्यापेक्षा कमीच. सकाळी कुंड्यांना पाणी घातलं आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत नुसता बसून राहिलो. पाचवीच्या पुस्तकातली ती डोंगर-नदीची कविता मनात घोळत होती. ती म्हणताना सगळा वर्ग डुलायचा. शेवटच्या बाकावरचा झोपाळूसुद्धा ध्रुवपदाला जागा व्हायचा. हल्ली मी असाच कुठेतरी जातो आणि परत यायचा कंटाळा करतो.

तुझा लेख दोन नियतकालिकांनी परत पाठवला, पण भाषा मनात कशी साठते यावरच्या या तिसऱ्याने दुरुस्त्या सांगून का होईना ठेवून घेतला. बरं वाटलं. लेखकाचं नाव झाकून तपासतात हे मला पसंत आहे. परीक्षेच्या पेपरावर नुसता नंबर असतो, तसं. लेख छापून आला की तुझी नोकरी कायम होणार, हेही मी विसरलेलो नाही.

त्या दुसऱ्या परीक्षकाला तू खडूस म्हणालीस. पंच्याहत्तरीच्या आसपासची चाळीस माणसं शाळेतल्या कविता म्हणतात आणि सगळ्यांच्या मिळून चुका अकराच कशा, असं विचारतो. मूळ आवाज ऐकवा म्हणतो. मला तर तो माणूस आपल्यातला वाटला. तू त्याला कळवलंस की कविता ऐकून उतरवायचं काम एका अनुभवी शिक्षकाने केलंय. आणि माझ्याकडे तीनदा रेकॉर्डरचं कार्ड मागितलंस. तिन्ही वेळा मी म्हणालो, सापडत नाही.

कार्ड माझ्या खणात होतं. आता या पाकिटात आहे.

छत्तीस वर्षं वह्या तपासल्या, मनू. हाताला खोड लागते. तू बजावलं होतंस, "बाबा, जसं ऐकाल तसंच लिहा. माणूस शब्द विसरला की त्या जागी काय ठेवतो, तेच मला बघायचंय." मी मान डोलावली होती. मग निवृत्त पोस्टमन "तारे"च्या जागी "दिवे" म्हणाला. मी "दिवे" लिहिलंही. पण वाटलं, बिचाऱ्याला येत होतं, जीभ घसरली. खोडून "तारे" केलं. एकाला सवलत दिल्यावर दुसऱ्याला नाही कसं म्हणणार? शिवणकाम करणाऱ्या बाईंचं केलं, मग सरसकट सगळ्यांचंच. उरलेल्या अकरा चुका माझ्या चष्म्यातून सुटल्या, एवढंच.

म्हणजे चालीत बांधलेले शब्द म्हातारपणीही हलत नाहीत, हे जे तू लेखात सिद्ध केलंस, ते माझ्या पेन्सिलीने केलं.

इथेच सही करून मोकळा होणार होतो. पेन खाली ठेवलं, चहा केला, गार होऊ दिला.

यादीतला सतरावा आवाज तुझ्या आईचा. तिच्या कागदावर एकही चूक नव्हती म्हणून तू किती हरखली होतीस. तिला दोन कडवी आलीच नाहीत. दोनदा मी रेकॉर्डर थांबवून सुचवलं. तिसऱ्यांदा थांबवायचा धीर झाला नाही. "डोंगर म्हणतो नदीला, थांब जरा दारी," अशी ती ओळ. ती म्हणाली, "डोंगर म्हणतो मनूला, थांब जरा दारी." ठेका जराही चुकला नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "अहो, आलं ना सगळं?"

मी म्हणालो, "पैकीच्या पैकी."

आणि कागदावरचं तुझं नाव खोडून नदी लिहिली.

डॉक्टरांनी उन्हाळ्यातच सांगितलं होतं. तू फोन करतेस तेव्हा मी शेजारी बसून तिला उत्तरं पुरवतो. म्हणून हे फोनवर बोलता येईना.

संपादकांना द्यायला माझ्या सहीचं पत्र सोबत जोडलंय. दोष माझा, असं स्पष्ट लिहिलंय. त्या पत्राने लेख तगेल असं वाटत नाही, नोकरीचंही लांबेल. माफी मागायला मला तोंड नाही.

कार्ड परीक्षकाच्या आधी तू ऐक. आणि रागावली असशील तर तशीच ये, पण लवकर ये. अजून ती तुला ओळखते.

तुझे,
बाबा